कॅलिफोर्नियात घर, कोथरूडला फ्लॅट, मुलं लहान: लिव्हिंग ट्रस्ट करावा का?

फ्रिमाँटकर

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

दीड महिन्यापूर्वी आमच्या ट्रेकिंगच्या गटातल्या एकाला मिशन पीकच्या वाटेवर हार्ट अटॅक आला. वय ४६. वाचला, आता बरा आहे. पण पाच दिवस तो शुद्धीवर नव्हता. तेवढ्यात त्याच्या बायकोच्या लक्षात आलं की पगाराचं खातं एकट्या त्याच्या नावावर आहे, घराचा हप्ता तिथूनच जातो आणि पासवर्ड त्याच्या डोक्यात आहे. बँकेनं सांगितलं, कोर्टाचा कागद आणा. मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये तिच्यासमोर कॉफी ढवळत बसलो होतो आणि मनात आमच्याच घराचा हिशेब चालू होता. तो हिशेब काही बरा नव्हता.

आमचं असं आहे: मी ४३, बायको ४१, दोघंही ग्रीन कार्डवर. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. फ्रिमाँटला दोघांच्या नावावर घर. आज विकलं तर साधारण १९ लाख डॉलर येतील, त्यावर सव्वासात लाखांचं कर्ज आहे. दोघांची ४०१के (निवृत्तीची खाती), कंपनीचे शेअर, एक ब्रोकरेज खातं, मुलांची ५२९ (शिक्षणासाठीची बचत खाती). शिवाय कोथरूडला माझ्या एकट्याच्या नावावर टू बीएचके. तिथे आई राहते. आमच्या दोघांचंही मृत्युपत्र नाही. इथलं नाही, तिथलंही नाही.

एका वकिलाला भेटलो. तो म्हणतो रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट करा (म्हणजे हयातीतच करायचा, हवा तेव्हा मोडता येणारा), सोबत विल, पॉवर ऑफ ॲटर्नी आणि आजारपणातल्या निर्णयांचा कागद, सगळं मिळून ३,८०० डॉलर. ऑफिसातला एक जण म्हणतो, वेडा आहेस का, मी इंटरनेटवर २०० डॉलरमध्ये केला.

खरं सांगायचं तर ट्रस्ट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे देवस्थानाचे विश्वस्त आणि धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस येतं. नाहीतर अब्जाधीश. आम्ही दोन्हींत बसत नाही. घर ट्रस्टला दिलं की ते आपलं राहतं का? उद्या विकायचं झालं तर कोणाची परवानगी लागते? बँक कर्ज परत मागते का? कोथरूडचा फ्लॅटही त्यात घालता येतो का? आणि माझ्या मते पुण्याचा धाकटा भाऊच सगळं बघेल. मुलंही त्याच्याकडे, ट्रस्टही त्याच्याकडे. एक माणूस, एक डोकं. बायको म्हणते, हे इतकं सोपं असेल असं वाटत नाही. तिचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर निघतं म्हणून इथे विचारतोय.

एडिसनवाला

थोडा थंड पाण्याचा हबका मारतो. ट्रस्टचा एवढा गाजावाजा कॅलिफोर्नियात आहे, कारण तिथलं प्रोबेट, म्हणजे माणूस गेल्यावर मालमत्ता वारसांकडे सोपवण्याची कोर्टाची प्रक्रिया, महाग आणि रेंगाळणारं आहे. आमच्या न्यू जर्सीत तसं नाही. माझे सख्खे काका तीन वर्षांपूर्वी गेले, मूलबाळ नव्हतं, विलमध्ये मी एक्झिक्युटर, म्हणजे विलाची अंमलबजावणी करणारा. इथे मृत्यूनंतर दहा दिवस थांबावं लागतं, मग काउंटीच्या सरोगेट ऑफिसात जायचं (नाव ऐकून हसू नका, इथे तेच म्हणतात). मूळ विल, मृत्यूचा दाखला, दीडेकशे डॉलर. एका सकाळचं काम. बाहेर पडून दुपारी ओक ट्री रोडवर जेवलो.

मग डोकं कुठे फिरलं? वारसा करात. न्यू जर्सीत बायको, मुलं, आईवडील यांना तो शून्य आहे, पण पुतण्याला पहिल्या डॉलरपासून १५ टक्के. आठ महिन्यांत भरायचा. तो भरून राज्याची परवानगी येईपर्यंत बँक खात्यातला अर्धा पैसा अडकून. काकांनी ट्रस्ट केला असता तरी हा कर सुटला नसता. त्यांच्या मित्राच्या वकिलानं मात्र ट्रस्टनं कर वाचतो असं त्यांना बिनदिक्कत सांगितलं होतं.

तरी प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करतो. काकांचा फ्लोरिडात एक छोटा काँडो होता, हिवाळ्यासाठी घेतलेला. त्यासाठी तिथे दुसरं प्रोबेट, दुसरा वकील. नऊ महिने गेले. तो काँडो जर ट्रस्टमध्ये असता तर मी फ्लोरिडाला गेलो असतो तो फक्त संत्री खायला.

वसुधा साउथबे

फ्रिमाँटकर, तुम्ही माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे आहात, तेव्हा ‘तू’ म्हणते. राग मानू नको.

न्यू जर्सीचं ते सांगतात ते खरं असेल, पण तू राहतोस कॅलिफोर्नियात. इथे प्रोबेटमधली वकिलाची फी कायद्यानंच ठरवून दिलेली आहे. पहिल्या लाखावर ४ टक्के, दुसऱ्या लाखावर ३, पुढच्या ८ लाखांवर २, त्यापुढे १ टक्का. आणि ती घराच्या पूर्ण किमतीवर, कर्ज वजा न करता. तुझ्या १९ लाखांच्या घराचा हिशेब कर: चार हजार, तीन हजार, सोळा हजार, नऊ हजार. झाले ३२ हजार. तेवढीच रक्कम एक्झिक्युटरही घेऊ शकतो. सव्वासात लाखांचं कर्ज आहे म्हणून कोणी एक डॉलर सोडत नाही. घर दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे एक जण गेला तर कदाचित निभावेल. पण तुम्ही दोघं एकाच गाडीतून फिरता ना?

आता माझी गोष्ट ऐक.

आम्ही २०११ साली ट्रस्ट केला. वकिलानं मरून रंगाचं जाडजूड बायंडर दिलं, वर सोनेरी अक्षरांत आमचं आडनाव. ह्यांनी ते देवघराखालच्या कपाटात ठेवलं आणि अकरा वर्षं आम्ही निर्धास्त होतो. घराचं डीड, म्हणजे मालकीचा दस्त, तेव्हा रीतसर ट्रस्टच्या नावावर झालं होतं. काउंटीचा शिक्का असलेली प्रत बायंडरमध्ये होती.

२०२० मध्ये व्याजदर तीन टक्क्यांच्या खाली आले तेव्हा सगळ्यांसारखं आम्हीही रिफायनान्स केलं, म्हणजे नवं स्वस्त कर्ज घेऊन जुनं फेडलं. मी नोकरी सोडली होती, म्हणून कर्ज एकट्या ह्यांच्या नावावर. कर्ज देणारी कंपनी म्हणाली, घर ट्रस्टच्या नावावर आहे ते आम्हाला चालत नाही, आधी बाहेर काढून एकट्या साहेबांच्या नावावर करा, क्लोजिंग झालं की परत घाला. कोविडचे दिवस. नोटरीबाई मास्क लावून ड्राइव्हवेत उभ्या, आणि आम्ही गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या केल्या. साठ-सत्तर पानं. त्यात घर ट्रस्टमधून बाहेर काढणारं डीड होतं. परत आत घालणारं नव्हतं. मला वाटलं हे करतील, ह्यांना वाटलं एस्क्रोवाले (व्यवहाराचे कागद-पैसे सांभाळणारे मध्यस्थ) करतील, एस्क्रोवाल्यांना वाटलं आमचा वकील करेल. आमच्या वकिलाला तर रिफायनान्सचा पत्ताच नव्हता.

२०२२ च्या मार्चमध्ये हे गेले. तेरावं झाल्यावर मी बायंडर घेऊन वकिलाकडे गेले. तिनं काउंटीच्या नोंदी पाहिल्या आणि म्हणाली, ‘घर ट्रस्टमध्ये नाहीये.’ मी तिला सोनेरी अक्षरं दाखवली. काय दाखवत होते कोण जाणे.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, तसं आहे बघ हे. भांडं तुझ्याच घरात असतं, तूच वापरतोस. पण नाव घातलं नसेल तर लग्नघरी गेलेलं पातेलं परत येत नाही. ट्रस्टचा कागद म्हणजे नाव कोरणाऱ्याला दिलेली चिठ्ठी. प्रत्येक भांडं त्याच्याकडे न्यावं लागतं. आमचं सगळ्यात मोठं पातेलं आम्ही घासूनपुसून नाव काढून टाकलं होतं.

इथे हेगस्टॅड पिटिशन नावाचा एक मार्ग आहे, १९९३ च्या एका निकालावरून पडलेलं नाव. मालमत्ता ट्रस्टचीच ठेवायची होती, नावावर करायची राहून गेली, हे लेखी दाखवता आलं तर पूर्ण प्रोबेट न करता कोर्ट ती ट्रस्टची आहे असा हुकूम देऊ शकतं. ह्यांचं विल सगळं ट्रस्टकडे वळवणारं होतं, म्हणून वकिलीणबाईंनी हाच रस्ता धरला. ट्रस्टच्या यादीत घराचा पत्ता होता. पण नंतर स्वतःच सही करून घर बाहेर काढलेलं, त्याचं काय? सिॲटलच्या मुलानं ह्यांचं ईमेल रात्रभर चाळलं. पहाटे तीनला त्याला एक ओळ सापडली. एस्क्रोवाल्या बाईला ह्यांनी लिहिलं होतं की क्लोजिंगनंतर घर परत ट्रस्टमध्ये टाकण्याचा कागद कधी पाठवताय. उत्तर नव्हतं. त्या एका ओळीवर आमचं काम झालं. पाच महिने आणि साडेसहा हजार डॉलर. पूर्ण प्रोबेट झालं असतं तर आमच्या १६ लाखांच्या घरावर एकट्या वकिलाचे २९ हजार झाले असते, आणि वर्ष-दीड वर्ष.

म्हणून तुझ्या प्रश्नांची उत्तरं मी उलट्या क्रमानं देते. ट्रस्ट करायचा की नाही हा प्रश्न सोपा आहे, कर. त्यात काय नि कसं घालायचं, तिथेच माणसं चुकतात.

घर तुझंच राहतं. ट्रस्ट करणारे तुम्ही, सांभाळणारे ट्रस्टी तुम्ही, जिवंत असेपर्यंत उपभोगणारेही तुम्ही. विका, भाड्यानं द्या, उद्या मन बदललं तर ट्रस्टच मोडा, म्हणून तर तो रिव्होकेबल. बँक कर्ज परत मागू शकत नाही. राहतं घर स्वतःच्या अशा ट्रस्टमध्ये घातलं तर कर्ज वसुलीला काढता येत नाही, असा १९८२ चा केंद्राचा कायदा आहे. प्रॉपर्टी टॅक्सची जुनी मोजणीही बदलत नाही, मात्र डीडबरोबर काउंटीचा मालकीबदलाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात ट्रस्टच्या चौकटीवर खूण करावी लागते. घराच्या विमा कंपनीला कळव. हे कोणी सांगत नाही. घर जळलं आणि पॉलिसीवर मालकाचं नाव जुनं, तर भांडत बसशील.

बँकेची बचत खाती आणि ब्रोकरेज ट्रस्टच्या नावावर कर. बँकेला सगळा ट्रस्ट दाखवायची गरज नाही, दोन-तीन पानांचं सर्टिफिकेशन ऑफ ट्रस्ट पुरतं. कोणाला किती ठेवलंय हे काउंटरवरच्या पोरीनं कशाला वाचायचं? ४०१के ला मात्र हात लावू नको. तिथे फक्त बेनिफिशियरीचा, म्हणजे आपल्यानंतर पैसे कोणाला ते सांगणारा, फॉर्म असतो. आधी बायको, तिच्यानंतर कोण, ते वकिलाला विचारून लिही. मुलांची नावं थेट लिहिलीस तर अज्ञान मुलांना पैसे देताना मधे कोर्ट येतं आणि अठरा पूर्ण झाले की सगळा गठ्ठा हातात. तुझी मुलगी अठराव्या वर्षी कशी असेल मला माहीत नाही. माझा मोठा अठराव्या वर्षी जुनी मस्टँग घ्यायला निघाला होता. ट्रस्टमध्ये तुला लिहिता येतं की शिक्षणाला, आजारपणाला लागेल ते द्या, बाकी अर्धं पंचविसाव्या वर्षी, उरलेलं तिसाव्या. कंपनीचे शेअर ज्या खात्यात येतात ते खातं बहुधा ट्रस्टच्या नावावर होत नाही. हातात पडले की आपल्या ब्रोकरेजमध्ये हलव. ५२९ ला तुमच्यानंतर मालक कोण तेवढं लिहून ठेव.

२०० डॉलरवाल्या मित्राला एकच विचार: घराचं डीड रेकॉर्ड केलंस का?

फ्रिमाँटकर

काकू, विचारलं. तो दोन मिनिटं गप्प राहिला आणि म्हणाला, ‘कसलं डीड?’ २०१९ पासून ट्रस्ट आहे त्याच्याकडे.

भांड्यावरच्या नावाचं उदाहरण बायकोला वाचून दाखवलं. आमच्याकडे अजून तिच्या आजीच्या नावाची पितळी परात आहे, नाशिकहून आलेली. ती म्हणाली, आता माझं डोकं चाललं. पण भावाचा प्रश्न अजून लोंबकळतोय.

कर-किडा

मी एनरोल्ड एजंट आहे, म्हणजे टॅक्सवाला. वकील नाही. भावाबद्दल मीच सांगतो, कारण ह्यात हमखास गोची होते.

तुम्ही दोघं हयात आणि धडधाकट आहात तोवर काहीच प्रश्न नाही. ट्रस्टचं उत्पन्न तुमच्याच रिटर्नमध्ये, तुमच्याच सोशल सिक्युरिटी नंबरवर. वेगळा रिटर्न नाही, कर एक डॉलरनं कमी नाही की जास्त नाही. पण तुम्ही दोघं गेल्यावर ट्रस्ट पक्का होतो, बदलता येत नाही, त्याला स्वतःचा नंबर घ्यावा लागतो आणि दरवर्षी १०४१ हा ट्रस्टचा वेगळा रिटर्न भरावा लागतो. त्या वेळी सगळे महत्त्वाचे निर्णय जर पुण्यातला, अमेरिकन नागरिक नसलेला, इथे न राहणारा भाऊ घेणार असेल, तर कराच्या दृष्टीनं तो ट्रस्ट परदेशी ठरतो. कायद्यात दोन कसोट्या आहेत. अमेरिकेतल्या कोर्टाचा त्यावर अधिकार हवा आणि महत्त्वाचे सगळे निर्णय अमेरिकन व्यक्तींच्या हाती हवेत. भाऊ असला की दुसऱ्या कसोटीत तुमचा ट्रस्ट नापास होतो. परदेशी ठरला की ३५२० सारखे परदेशी ट्रस्टांचे फॉर्म आले, आणि ते चुकले की दंड जबर. मालमत्ता फ्रिमाँटची, मुलं इथे जन्मलेली, आणि ट्रस्ट परदेशी! यात भावाचा प्रामाणिकपणा कुठेच येत नाही. तो कितीही सज्जन असो.

तेव्हा मुलं सांभाळणारा वेगळा आणि पैसा सांभाळणारा वेगळा. मुलांचा पालक ट्रस्टमध्ये नाही, विलमध्ये लिहायचा असतो, आणि कोर्ट त्यावर शिक्कामोर्तब करतं. तिथे भावाचं नाव खुशाल घाला. पण तो विमानात बसून येईपर्यंतचे दिवस मुलं कोणाकडे? इथलं एखादं घर तात्पुरता पालक म्हणून लिहून ठेवा, आणि त्या घराला आधी विचारा. माझ्या एका क्लायंटनं शेजाऱ्यांचं नाव लिहिलं होतं, त्यांना न सांगता. शेजारी वर्षभरापूर्वी ऑस्टिनला गेले होते.

ग्रीन कार्डबद्दल. तुम्ही इथे कायमचे राहता म्हणून इस्टेट टॅक्सची, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणाऱ्या केंद्राच्या कराची, पूर्ण सूट तुम्हाला आहे. २०२६ साली ती माणशी दीड कोटी डॉलर आहे. पण नागरिक नसलेल्या जोडीदाराला अमर्याद करमुक्त वारसा मिळत नाही, ती सवलत फक्त नागरिक जोडीदाराला. तुमच्या आकड्यांना याचा आज त्रास नाही. उद्या कंपनी आयपीओला गेली तर मला फोन करा. आणि तुम्ही जर सामान उचलून कायमचे पुण्याला गेलात, ग्रीन कार्ड सोडलंत आणि इथले शेअर ठेवलेत, तर सूट दीड कोटींवरून ६० हजार डॉलरवर येते. भारताशी इस्टेट टॅक्सचा करार नाही. ‘बॅक टू इंडिया’ करणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे माहीत नसतं.

आणखी एक गैरसमज. रिव्होकेबल ट्रस्टनं घेणेकऱ्यांपासून संरक्षण मिळत नाही. उद्या अपघातात तुमच्यावर दावा लागला तर ट्रस्टमधलं घर आणि तुमच्या नावावरचं घर यांत काही फरक नाही. त्यासाठी अम्ब्रेला विमा, म्हणजे अशा दाव्यांसाठीचा जादा विमा, घ्या. आणि मुलांना तुमचा जुना, कमी प्रॉपर्टी टॅक्स आपोआप मिळेल असंही समजू नका. फेब्रुवारी २०२१ पासून प्रॉप १९ हा कॅलिफोर्नियाचा कायदा लागू आहे. मूल स्वतः त्या घरात राहायला आलं तरच, आणि तेही मर्यादेपर्यंत. ट्रस्ट असो वा नसो.

शिवाजीनगरची वकील

कोथरूडच्या फ्लॅटपुरतं मी सांगते, पुण्यात दिवाणी वकिली करते.

तो फ्लॅट अमेरिकेतल्या ट्रस्टमध्ये घालू नका. इथे स्थावर मालमत्ता ट्रस्टला द्यायची तर नोंदणीकृत दस्त, मुद्रांक शुल्क, वर परकीय चलन कायद्याचे प्रश्न. एका टू बीएचकेसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही. भारतातल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण पुढच्या वेळी पुण्याला याल तेव्हा दुय्यम निबंधकाकडे जाऊन करून टाका. पुण्यात प्रोबेट सक्तीचं नाही. एक्झिक्युटर म्हणून इथे भावाचं नाव घाला, त्याची जागा इथे आहे.

मृत्युपत्र न करता गेलात तर हिंदू वारसा कायद्यानं तुमची आई, पत्नी आणि दोन्ही मुलं यांना प्रत्येकी चौथा हिस्सा. मुलं अज्ञान असल्यामुळे त्यांचा हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी. म्हणजे आई त्या घरात राहतेय, सून कॅलिफोर्नियात, नातवंडांच्या वतीनं अर्ज. अशी एक फाइल माझ्या टेबलावर आत्ता आहे. कोणीही वाईट नाही त्या कुटुंबात, तरी दिवाळीला एकमेकांना फोन बंद झालेत. आईला हयातभर राहण्याचा हक्क आणि नंतर मालकी पत्नीकडे, असं दोन ओळींत लिहिता येतं.

सोसायटीत नॉमिनी लावलाय म्हणजे झालं, असं समजू नका. नॉमिनी मालक होत नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. तुमचा तिथला वकील जे विल देईल त्यात पहिल्याच परिच्छेदात ‘याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं मी रद्द करतो’ असं छापील वाक्य असतं. तुम्ही आधी पुण्यात मृत्युपत्र केलंत आणि मग तिथे त्या वाक्याखाली सही केलीत, तर पुण्याचं गेलं. उलट क्रमानं केलंत तर तिथलं. दोन्हींत स्पष्ट लिहून घ्या की हे फक्त या देशातल्या मालमत्तेपुरतं आहे.

एडिसनवाला

हे वाक्य काकांच्या विलमध्येही होतं. त्यांचा दापोलीजवळचा आंब्याचा तुकडा अजून तसाच लोंबकळतोय, कारण तिथलं आधीचं मृत्युपत्र त्याच सहीत रद्द झालं. आत्ता कळलं मला. धन्यवाद म्हणू की रडू?

फ्रिमाँटकर

तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांची उत्तरं छापून वकिलाकडे घेऊन गेलो, अर्थात तोंडी भाषांतर करत. रद्द करण्याचं ते वाक्य त्याच्या मसुद्यात होतंच. ‘फक्त अमेरिकेतली मालमत्ता’ असं बदलून घेतलं. त्याला आमचा कोथरूडचा फ्लॅट आहे हे मी पहिल्या भेटीत सांगितलंच नव्हतं, ही माझी चूक.

ट्रस्टी म्हणून बायकोच्या सॅक्रामेंटोच्या मावसभावाला विचारलं. नागरिक आहे, आणि सहलीनंतर स्प्लिटवाइजवर (खर्च वाटून घ्यायच्या ॲपवर) तीन डॉलरसुद्धा सोडत नाही. आजवर ह्यावरून आम्ही त्याची टिंगल करायचो. मुलांचे पालक भाऊ आणि वहिनी. तो येईपर्यंत समोरच्या गल्लीतलं तमिळ कुटुंब, मुलीच्या मैत्रिणीचं घर. त्यांना विचारायला गेलो तर त्यांनीही लगेच आमची नावं त्यांच्या कागदात लिहायची परवानगी मागितली. भावाला फोनवर समजावताना मात्र जड गेलं. ‘पैशाचं दुसऱ्याकडे का?’ असं त्यानं विचारलं नाही, पण थांबला. मी कर-किडा यांचं सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाला, ‘मला त्या फॉर्मांच्या भानगडीत पाडूच नकोस रे बाबा.’

आता नवी अडचण. ओकलंडच्या रेकॉर्डर ऑफिसातून सध्याच्या डीडची प्रत मागवली. त्यावर माझं नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण आहे, ट्रस्टच्या मसुद्यात मधलं फक्त आद्याक्षर, लायसन्सवर तेही नाही. बायकोच्या नावात एका ठिकाणी ‘डब्ल्यू’ आणि एका ठिकाणी ‘व्ही’. आणि कोथरूडच्या सोसायटीच्या नॉमिनेशन फॉर्मवर तिचं माहेरचं नाव.

शिवाजीनगरची वकील

मृत्युपत्रात ‘ऊर्फ’ लावून तिची दोन्ही नावं, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक लिहा. नॉमिनेशन नव्यानं भरा, भावाला सोसायटीच्या ऑफिसात पाठवा, पोचपावती घ्यायला सांगा.

वसुधा साउथबे

आत्ताच्या डीडवर जसं नाव आहे, अक्षरन्अक्षर तसंच नव्या डीडवर देणाऱ्याचं नाव हवं. वकिलाला आत्ताच सांग, सह्या झाल्यावर नको. नोटरीपुढे सही करताना एकेक पान वाच, माझ्यासारखी बॉनेटवर करू नको. आणि काउंटीचा शिक्का असलेली प्रत टपालानं घरी आली की इथे एक ओळ लिही. तोपर्यंत मी रोज डोकावतेय.